बाईंची मोजणी

बूटकॅम्प हे नाव माझं नाही, आधीच सांगते. ते दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कुठूनतरी आणलं. मी म्हटलं, बूट घालून मैदानावर आलं की झाला बूटकॅम्प, त्यात नाव ठेवण्यासारखं काय आहे? पण मंडळींना ते आवडलं, आणि मंडळींना एखादी गोष्ट आवडली की माझं कोण ऐकतंय! महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या रोजच्या वीस जणांत कुणाचा मेहुणा, कुणाची जाऊ, कुणाचा शेजारी अशी भर पडते आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर पस्तीस-चाळीस माणसं जमतात. वजनं नाहीत, यंत्रं नाहीत. आपलंच अंग उचलायचं आणि आपलंच खाली ठेवायचं. बारा वर्षं हे चाललंय. मी शाळेत खेळ शिकवायचे तेव्हा सुरू केलं, निवृत्त झाले तरी सोडलं नाही. मैदानावर मला सगळे बाई म्हणतात, माझ्या वयाचा नळवालासुद्धा.

रविवारची आखणी मी शनिवारी करते. जेवणाच्या टेबलावर चौकटीची वही उघडायची, मैदानाचे चार कोपरे काढायचे आणि कुठल्या कोपऱ्यात काय ते ठरवायचं. टाकीच्या पायऱ्यांवर चढउतार. भिंतीपाशी बैठका. गवत जरा मऊ आहे तिथे जोर. मोकळ्या कोपऱ्यात बर्पी, म्हणजे खाली वाका, पाय मागे फेका, छाती जमिनीला लावा, परत उठा आणि उडी मारा. पायांचं काम झालं की लगेच पुन्हा पायांचं द्यायचं नाही, मध्ये हातांचं घालायचं. नवख्यांना जोर गुडघे टेकून. ऊन कुठून येणार तेही बघायचं, नाहीतर लोक व्यायाम सोडून कुरकुर करत बसतात. कागदावर सगळं जमलं की चटई घालून प्रत्येक प्रकार मी स्वतः करून बघायचा. हा माझा नियम. जे मी करत नाही ते मी दुसऱ्याला सांगत नाही, आणि मैदानावरही सगळ्यांबरोबर मी खाली असतेच.

दुसरा नियम घड्याळाचा. मैदानावर आलं की घड्याळ काढून पिशवीत टाकायचं. मोजणी माझी. मी 'एक' म्हटलं की सगळे एकदम खाली, 'दोन' म्हटलं की दुसऱ्यांदा. विश्रांती वीस आकड्यांची, तीही मीच मोजणार. सारखं मनगटाकडे बघणाऱ्या माणसाला आपल्या अंगाची काही खबर नसते, असं माझं ठाम मत होतं. माझी सगळीच मतं ठाम असतात, आमच्या ह्यांना विचारा.

त्या शनिवारी मात्र वही उघडून तासभर झाला तरी एक चौकट भरली नव्हती. डोक्यात गोळी होती. गोळी म्हणजे आमच्यातली सर्वांत धाकटी पोरगी, सत्तावीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करते म्हणून नळवाल्याने ठेवलेलं नाव. तिला अग्निशमन दलात जायचंय. लेखी परीक्षेत वरच्या नंबरात आली. उरली होती अंगमेहनतीची चाचणी: वीस बैठका, दहा जोर, दहा बर्पी आणि मैदानाला एक चक्कर, अशा पाच फेऱ्या, बारा मिनिटांत. आठ महिने मी तिच्याकडून हेच करून घेतलं होतं. आकडे तेच, क्रम तोच, पाचच्या पाच फेऱ्या. शेवटी ती हसत उभी राहायची. आणि गुरुवारी ती चाचणीत नापास झाली. पाचवी फेरी अर्धी राहिली आणि शिट्टी वाजली.

मला तिचा संतापच आला होता. म्हटलं, सकाळी काही खाल्लं नसणार, रात्री झोपली नसणार, ऐन वेळी हातपाय गाळले असणार. फोनवर मी तिला तसं सुनावलंही. ती 'हो बाई, हो बाई' करत राहिली. दीड महिन्याने आणखी एक संधी होती. तीच शेवटची, कारण त्यानंतर तिला अठ्ठावीस पूर्ण होणार आणि अठ्ठाविसानंतर घेत नाहीत. मग काय, जन्मभर खोकल्याच्या बाटल्या विकायच्या. त्यात वाईट काही नाही, पण तिला ते नको होतं.

अशी मी डोकं धरून बसले असताना शिंपी आला. आमच्या गटातला जुना माणूस, पहिल्या महिन्यापासूनचा. बारा वर्षं झाली म्हणून रविवारी सगळ्यांना काहीतरी दाखवायचं असं त्याच्या मनात होतं.

"बाई, काय सापडलंय बघा!" त्याने फोन पुढे केला. "आपला तिसरा महिना. माझ्या भावाने काढलेला व्हिडिओ."

हे सोफ्यावरून उठून आले. फोनमध्ये आमचंच मैदान, आठ-नऊ माणसं, आणि पुढे निळ्या कपड्यांतली मी. केस काळेभोर. बैठका चालल्या होत्या आणि माझा आवाज खणखणीत येत होता.

"काय गं आवाज होता तुझा!" हे म्हणाले.

"होता म्हणजे? आहे!" मी खुर्ची मागे सारली. "शिंपीदादा, पहिल्यापासून लावा. दाखवते ह्यांना."

लावलं. फोनमधल्या माझ्याबरोबर मीही बैठका घालायला आणि मोजायला लागले. अगदी रोजच्यासारखं, घाई नाही, ढिलाई नाही. एक, दोन, तीन. मी पाचावर होते तेव्हा फोनमधली ती सातवर होती. मला वाटलं माझी सुरुवात चुकली. मी दहा म्हटलं तेव्हा ती पंधरा-सोळावर. मी तेरा म्हणाले आणि फोनमधून आवाज आला, "वीस! थांबा!"

मी अर्धी वाकलेली तशीच उभी राहिले.

"फोनचंच काहीतरी असेल, बाई," शिंपी घाईघाईने म्हणाला. "जुने व्हिडिओ पळतात कधीकधी."

"पळतात? मग आवाज चिरका नसता झाला? मला काय कुकुलं बाळ समजता?" मी ओरडलेच. बिचाऱ्याने फोन खिशात घातला आणि काम आठवल्यासारखं करून निघून गेला. जाताना दारात माझ्याकडे त्याने ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखली. शाळेत एखाद्या मुलाचं बिंग फुटलं की त्याचे मित्र असं बघायचे.

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी कधी व्यायाम केलाय?" हे म्हणाले. मग जरा थांबून, "पण पूर्वी तू सातला घरी यायचीस. आता साडेसात होतात. मी चहा उशिरा टाकतो हल्ली."

"आणि मला बोलला नाहीत?"

"मला वाटलं, गप्पा मारत बसत असाल."

गप्पा! मी मैदानावर कुणाला शिंकू देत नाही. मी जुन्या वह्या काढल्या. दहा वर्षांपूर्वीची, पाच वर्षांपूर्वीची, गेल्या वर्षीची. सगळीकडे तेच. बैठका वीस, जोर दहा, विश्रांती वीस आकडे. कागदावर काही म्हणता काही बदललं नव्हतं. बदलले होते ते माझे आकडे. गुडघा कुरकुरायला लागला तसा 'एक' लांबला, दम लागायला लागला तशी विश्रांती लांबली, इतक्या हळूहळू की माझं मलाच कळलं नाही. दर शनिवारी मी स्वतः करून बघत होते आणि दर शनिवारी मला ते झकास जमत होतं. जमणारच. माप माझंच होतं ना!

आणि त्या मापाने मी गोळीला तयार केलं होतं.

चार वाजता मी तिच्या दुकानात गेले. दुपारची सामसूम होती, मालक जेवायला गेलेला. गोळी काउंटरमागे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मला बघून ताडकन उभी राहिली. मी प्रस्तावना वगैरे केली नाही.

"माझी मोजणी हळू झालीय. तुला माहीत होतं?"

तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाली ठेवला, परत उचलला.

"गोळे, मी काय विचारतेय?"

"हो, बाई."

"कधीपासून?"

"चाचणीच्या पंधरा दिवस आधी मागच्या खोलीत घड्याळ लावून केलं होतं. साडेचौदा मिनिटं लागली." तिने मान वर केली नाही. "मग रोज तिथेच करत होते, खोक्यांच्या मध्ये. तेरावर आणलं. पण पंधरा दिवसांत आणखी नाही झालं."

"बाकीच्यांना?"

"सगळ्यांनाच माहीत आहे. तुम्ही गेल्यावर डॉक्टरीणबाई टाकीच्या पलीकडे आणखी दोन फेऱ्या घेतात. ज्यांना वेळ असतो ते थांबतात. मला आठला दुकान उघडायचं असतं. तुमचंच सव्वासातला सुटतं, मग मला..." ती अडखळली.

माझ्या अंगाचा भडका उडाला. टाकीच्या पलीकडे! म्हणजे मी पाठ वळवून घरी चहा प्यायला जायचे आणि ही सगळी शहाणी माणसं खरा व्यायाम करायची. नळवाला, शिंपी, सगळे. रोज सकाळी माझ्यासमोर धापा टाकायचं नाटक करून.

"मूग गिळून गप्प बसलात सगळे? अगं, त्यांचं सोड, त्यांची हौस आहे. तुझी नोकरी होती! माझा मान ठेवायला तू नोकरी घालवलीस?"

तेवढ्यात एक गृहस्थ सर्दीची गोळी मागायला आले. तिने दिली, सुटे परत केले, दिवसातून दोनदा जेवणानंतर असं सांगितलं. ते माझ्याकडे बघत बघत गेले. माझा चेहरा तसाच असणार.

"तुम्हाला सांगितलं असतं," ती हळू आवाजात म्हणाली, "तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला नसतात. जे मला जमत नाही ते मी सांगत नाही, असं म्हणून बंद केलं असतंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सांगायचं नाही."

ते खरं होतं. येताना वाटेत मी तेच ठरवलं होतं. रविवारी सगळ्यांचे आभार मानायचे आणि संपवायचं. त्या काउंटरपाशी उभी असताना मला माझीच फार लाज वाटली. पोरीची शेवटची संधी दीड महिन्यावर आली होती आणि मी माझ्या मानपानाचं बघत होते.

"उद्या सहाला ये," मी म्हटलं. "आणि येताना घड्याळ आण."

घरी येऊन वही पुन्हा उघडली. ह्यांना घड्याळ घेऊन समोर बसवलं आणि चाचणीची एक फेरी करायला घेतली. तिला एका फेरीला दोन मिनिटं चोवीस सेकंद मिळतात. तेवढ्यात माझे जोरसुद्धा पुरे झाले नव्हते. पुढे बर्पी सुरू केल्या आणि चौथ्या बर्पीला मी छाती टेकली ती टेकलीच. हे घाबरून उठले. मी चटईवरूनच म्हटलं, "बसा, मेले नाही." मग तशीच पडून विचार करत राहिले. मला जमत नाही ते दुसऱ्याला सांगायचं कसं? कुठल्या तोंडाने? शरीर खाली ठेवलं की आपोआप अधिकार यायचा. उभं राहून काय बोलायचं, ते मला बारा वर्षांत कधी शिकावंच लागलं नव्हतं.

उठले आणि आखणी केली. चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यात चाळीस सेकंद काम, वीस सेकंद विश्रांती, जो जितके करेल तितके, ज्याचे त्याने मोजायचे. एक फेरी झाली की दोन मिनिटं थांबायचं, अशा सहा फेऱ्या. गोळीला वेगळं, मधोमध, पाच फेऱ्या सलग. वहीत पहिल्यांदाच सेकंद लिहिले. लिहिताना रडू आलं, ते ह्यांनी पाहिलं आणि पेपर वर धरला.

रविवारी अडतीस माणसं आली. मी सगळ्यांना गोल उभं केलं आणि सांगून टाकलं.

"माझी मोजणी मंदावलीय. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, मला काल कळलं. टाकीपलीकडचंही कळलंय."

डॉक्टरीणबाई गवताकडे बघायला लागल्या. नळवाला खाकरला. "बाई, आमचं काही बिघडत नव्हतं हो."

"तुमचं नव्हतं बिघडत. हिचं बिघडलं." मी गोळीकडे बोट दाखवलं. ती बुटाची नाडी सोडून परत बांधत होती. "आजपासून घड्याळ. मी खाली येणार नाही. मला हे जमत नाही. तरी सांगणार आहे."

सुरुवात भयंकर झाली. बारा वर्षं एका आवाजावर एकदम खाली-वर होणारी माणसं, त्यांना आपापलं मोजता येईना. कुणी दहा कुणी चौदा, पायऱ्यांवर दोघांची टक्कर झाली, शिंपी विश्रांतीतच बैठका घालत राहिला. आणि मी मध्ये उभी, हातात ह्यांचं घड्याळ. हात कुठे ठेवावेत ते सुचेना. गुडघे वाकायला बघत होते आणि मी त्यांना वाकू देत नव्हते.

गोळीच्या पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. तिसरीत जोर तुटायला लागले. चौथ्या फेरीत तीन बर्पी झाल्या आणि ती पालथीच पडून राहिली. तोंडाला माती, पाठ खालीवर होतेय. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. आठ महिने अशा वेळी मी 'थांबा' म्हणत आले होते, कारण अशा वेळी माझाही जीव जायचा.

"सात राहिल्यात," मी म्हटलं.

"नाही होत, बाई."

"सात."

"पुरे ना!"

"घड्याळ चाललंय. ऊठ."

ती हातांवर उठली, गुडघ्यांवर आली आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की सगळं मैदान थांबलं. "तुम्हाला काय जातंय? तुम्ही नुसत्या उभ्या आहात!"

कुणीतरी "अगं गोळे" असं म्हणालं. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, मी त्यांना हाताने मागे सारलं. जे कुणी म्हणू नये म्हणून मी रोज सकाळी या मातीत लोळले, ते शेवटी कुणीतरी चाळीस माणसांत म्हटलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

"हो. मी उभी आहे," मी म्हटलं. "आणि तुझ्या सात राहिल्यात."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची कुणीच लागत नाही. मग हात जमिनीला टेकले आणि सातही केल्या, रागारागाने, प्रत्येक उडीला पाय आपटत. पाचवी फेरीही केली. तेरा मिनिटं सहा सेकंद. पाणी न पिता, माझ्याशी न बोलता पिशवी उचलून निघून गेली.

मला वाटलं, संपलं. सोमवारी सहाला सात मिनिटं असताना ती टाकीपाशी उभी होती. बोलली नाही. मीही नाही. मी आकडा सांगायचे, ती करायची. सव्वासातला तिचं आटपायचं आणि ती दुकानाची किल्ली घेऊन पळायची. तिची वेळ साडेबारा मिनिटांवर आली. बारा पंचवीस झालं. एका बुधवारी परत तेरावर गेलं आणि मी घरी येऊन ह्यांच्यावर उगाच खेकसले. पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा अकरा पन्नास आलं, तेव्हा नळवाल्याने टाळ्या वाजवल्या, पण आम्ही दोघी घड्याळाकडेच बघत होतो.

चाचणीच्या दिवशी मी गेले. बोलावलं नव्हतं तिने. उंच भिंतीबाहेर फाटकापाशी बाकं होती, तिथे बसले. आतून आकडे ऐकू येत होते, शिट्टी ऐकू येत होती, पण कुणाची कुठली ते कळत नव्हतं. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. बाकावर बसल्या बसल्या मनात बर्पी घालत होते.

ती बाहेर आली तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, हातात कागद. मला बघून थबकली.

"अकरा एक्केचाळीस," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत ती येऊन माझ्या शेजारी धपकन बसली. माझा जीव भांड्यात पडला.

"बाई, त्या दिवशी मी बोलले ते..."

"ते बरोबर बोललीस. आधीच बोलायला हवं होतंस. एवढी तोंडाळ पोरगी तू, कळल्यावर तोंड शिवून का बसलीस? माझा एवढा कसला गं धाक?"

"धाक नाही हो." तिने कागदाची घडी घातली, उलगडली. "तुम्ही अगदी माझ्या शेजारी असायचात. जोर काढताना तुमचा श्वास ऐकू यायचा मला. कोपर थरथरायचं तुमचं. तरी तुम्ही खाली जायचात." ती माझ्याकडे बघत होती. "कसं म्हणणार मी तुम्हाला, की लवकर मोजा?"